बादलीतला समुद्र

दोस्तांनो, या वेळी सुरुवात एका पत्रानं करतो. पत्र नाशिकच्या एका मुलीचं आहे. आठवीत आहे. अक्षर झकास, शुद्धलेखनाच्या चुका फक्त दोन. (कुठल्या, ते तिला वेगळं कळवलंय!) ती लिहिते:

"काका, माझ्या मामाची बदली झाली आणि जाताना तो त्याचा माशांचा टँक आमच्याकडे ठेवून गेला. टँक समुद्राच्या पाण्याचा आहे. त्यात दोन क्लाऊनफिश आहेत. नारिंगी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे. मामानं सांगितलंय, पाणी बदलत जा. म्हणून आम्ही दर रविवारी, पाणी खाली उतरलं की, मामाच्या पिशवीतलं मीठ घालून पाच लिटर खारं पाणी तयार करतो आणि वरून ओततो. आता महिना झाला आणि पिशवी संपली. दुकानात विचारलं तर किंमत ऐकून बाबा गप्पच झाले. आजी म्हणते, मीठ ते मीठ, स्वयंपाकघरातलं घाला. काका, चालेल का? आणि हल्ली मोठा मासा फार भरभर तोंड उघडतो-मिटतो. त्याला भूक लागत असेल का? मामाच्या खोक्यात एक काट्याची डबीपण आहे. ती कशाची ते कळत नाही."

पत्र मी तीनदा वाचलं. तिनं विचारलेत दोन प्रश्न, पण मला घाम फुटला तो भलत्याच वाक्यानं. कुठल्या, ओळखा पाहू. हवं तर पत्र पुन्हा वाचा, मी थांबतो.

सापडलं? नसेल तर हरकत नाही, पुढे येणारच आहे. पण अंक छापून तुमच्या हाती पडेपर्यंत ते मासे थांबले नसते. म्हणून पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तिच्या बाबांना फोन केला. त्या फोनवर काय बोलणं झालं, ते आज तुम्हा सगळ्यांना सांगतो.

आधी आजीचा प्रश्न. तो खरोखर चांगला आहे. मीठ येतं कुठून? समुद्रातून. वसई, भाईंदर, उरण या बाजूला गेला असाल तर मिठागरं पाहिली असतील, उन्हात चमचमणारे चौकोनी वाफे आणि पांढरे ढीग. मग समुद्रातून काढलेलं मीठ परत पाण्यात टाकलं की समुद्र व्हायला हवा की नाही? पण होत नाही. गंमत मिठागरातच आहे. तिथे भरतीचं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवतात. पाणी आटतं तसे त्यातले क्षार खाली बसतात, पण सगळे एकदम नाही, नंबर लावून! पहिली चुनखडी. मग जिप्सम, म्हणजे ज्याच्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात ते. त्यानंतर आपलं मीठ, सोडियम क्लोराइड. मीठ ओढून घेतल्यावर वाफ्यात जे कडूजहर पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार राहून जातात. थोडक्यात, आपल्या बरणीत येतो तो एकटा नवरदेव. वऱ्हाड सगळं वाटेतच राहतं.

हे वऱ्हाड केवढं? एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला सुमारे ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइडचा. उरलेल्यात सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम, आणि चिमूटचिमूट इतर बरंच काही. चिमूटभर म्हणून दुर्लक्ष करू नका हं. शंखशिंपल्यांना कवच करायला कॅल्शियम लागतं. पाण्याचा पीएच ८.१ ते ८.२ च्या आसपास धरून ठेवायला कार्बोनेटं लागतात. नुसत्या मिठाला ही कामं जमत नाहीत. शिवाय बरणीतलं मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात आणखी एखादी पूड मिसळलेली असते, ती वेगळीच.

एक आश्चर्य मात्र सांगायलाच हवं. 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ अशी साडेतीन वर्षं जगभरचे समुद्र पालथे घालत होतं. त्यानं आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांची विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं कसून तपासणी केली आणि १८८४ साली निष्कर्ष छापले. पाणी कुठे जास्त खारट, कुठे कमी. पण त्या क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण? जवळजवळ सगळीकडे सारखंच! म्हणून तर समुद्राची 'पाककृती' लिहिता येते. कारखान्यात तयार होणारं मत्स्यालयाचं मीठ म्हणजे त्याच प्रमाणात एकत्र केलेलं अख्खं वऱ्हाड. पिशवीची किंमत त्यासाठी मोजायची.

ही कल्पनाही नवी नाही. लंडनमध्ये फिलिप हेन्री गॉस नावाचे निसर्गअभ्यासक होते. काचेच्या टाकीत समुद्री जीव पाळायचं वेड इंग्लंडभर पसरलं ते बरंचसं त्यांच्या पुस्तकांमुळे. पण लंडनपासून समुद्र लांब. पाणी आणायचं तर पिंपं भरभरून. मग १८५४ साली गॉस यांनी साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार साध्या पाण्यात मिसळून घरीच समुद्र तयार केला. म्हणजे नाशिकच्या या मुलीची अडचण पावणेदोनशे वर्षं जुनी आहे म्हणायची.

"मग मुंबईहून कॅन भरून आणू का?" हे तिच्या बाबांनी फोनवर विचारलंच. आणू नका. चौपाटीजवळच्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं, बोटींचं तेल असतं. पावसाळ्यात तर नद्या-नाल्यांचं गोडं पाणी येऊन किनाऱ्याजवळचा समुद्र पातळ होतो. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, तेव्हा समुद्र अगदी दारात होता. नाशिककरांनी बादलीच गाठावी.

आता बादलीकडे वळण्याआधी माझीच एक फजिती सांगतो. फजिती म्हणतोय खरा, पण तेव्हा हसू आलं नव्हतं. माझ्याकडेही पूर्वी असा टँक होता. गणपतीला गावी जायची घाई, एसटी पहाटेची. पाणी बदलायचं राहिलेलं. रात्री अकरा वाजता बादलीत पाणी घेतलं, मीठ टाकलं, लाकडी पळीनं दोन मिनिटं ढवळलं आणि दिलं टँकमध्ये ओतून. तळाशी अजून खडे दिसत होते. म्हटलं, विरघळतील आत गेल्यावर. विरघळले की. पण विरघळले ते खाली वाळूवर, आणि माझ्या टँकमधला छोटा गोबी नेहमी वाळूवरच बसून असायचा. विरघळत्या मिठाभोवतीचं पाणी अतिशय खारट आणि जड असतं, ते चटकन वर येत नाही. सकाळी गोबी कडेला पडलेला होता. एसटी मिळाली, पण तो सगळा गणपती तसाच गेला. दोन मिनिटांची घाई केली नसती तर?

म्हणून पहिला नियम: मीठ टँकमध्ये कधीही विरघळवायचं नाही. बादलीत विरघळवायचं, तेही आदल्या दिवशी.

बादली नवी घ्या, प्लॅस्टिकची, खाण्याचे पदार्थ ठेवायला चालणारी. जिला कधी साबण लागलेला नाही आणि पुढेही लागणार नाही अशी. आजीचा तांब्याचा हंडा कितीही सुरेख असला तरी तो नको, पितळी पातेलंही नको. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर टँकमधली कोळंबी, गोगलगायी यांना तो विषासारखा असतो.

पाणी कुठलं? घरी आरओ यंत्र असेल तर त्याचं शुद्ध पाणी उत्तम. नुसतं नळाचं घ्यायचं तर त्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरीन असतं. ते माशांच्या कल्ल्यांना भाजतं. मासेविक्रीच्या दुकानात क्लोरीन घालवायचं औषध मिळतं, ते बाटलीवर लिहिलेल्या मापानं घाला. बोअरिंगचं पाणी मात्र टाळाच. त्यात आधीच कुठले क्षार किती, याचा भरवसा नसतो.

आता मिसळणं. इथे क्रम महत्त्वाचा बरं का. आधी पाणी, मग मीठ. उलट केलंत, म्हणजे तळाशी मीठ टाकून वरून पाणी सोडलंत, तर सुरुवातीच्या त्या दाट पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि खडूसारखा पांढरा गाळ होतो. तो मग कितीही ढवळा, जात नाही. लवकर विरघळावं म्हणून गीझरचं कढत पाणी घेतलं तरी हाच गाळ होतो. मिठाची पिशवी उघडण्यापूर्वी चांगली उलटसुलट हलवून घ्या, कारण आतल्या वेगवेगळ्या क्षारांचे कण प्रवासात खाली-वर बसलेले असतात.

माप पिशवीवर असतंच. मामानं पिशवीवर पेननं लिहून ठेवलं होतं: '१ लिटरला ३६ ग्रॅम'. म्हणजे १० लिटरला ३६० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा आणि मूठमूठ करून सोडा. मग टँकमध्ये हवा सोडायचा जो पंप असतो, तसाच एक बादलीत सोडून द्या आणि झोपायला जा. रात्रभर बुडबुडे चालू राहिले की मीठ पूर्ण विरघळतं, पाण्यात हवा मिसळते आणि पीएच जागेवर येतो. सकाळी पाणी काचेसारखं दिसायला हवं. चव घेऊन बघायचा मोह होईल. घेऊ नका, जिभेला ३५ आणि ४० मधला फरक कळत नाही.

तो कळतो मामाच्या 'काट्याच्या डबी'ला! ती डबी म्हणजे हायड्रोमीटर. दूध डेअरीत लॅक्टोमीटर बुडवताना पाहिलाय ना, त्याचाच हा भाऊ. पाण्यात क्षार जास्त तितकं पाणी जड, आणि काटा तितका वर. साध्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०००, समुद्राच्या पाण्याचं सुमारे १.०२६. टँकसाठी १.०२४ ते १.०२६ च्या मधे काटा आला की झालं. फक्त काट्याला बुडबुडे चिकटले असतील तर टिचकी मारून ते उडवा. बुडबुडा काट्याला उचलतो आणि खोटं बोलायला लावतो. काम झाल्यावर डबी साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर वाळलेलं मीठ काट्यावर बसतं आणि पुढच्या वेळी काटा दुसरंच काही सांगतो.

वजन केलं असताना परत मोजायचं कशाला? पावसाळ्यात मिठाच्या डब्याचं काय होतं आठवा. मीठ हवेतलं पाणी ओढतं. मग ३६० ग्रॅम म्हणून आपण जे मोजतो त्यात थोडं पाणीच असतं. (पिशवी उघडली की मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, हे ओघानं आलंच.) आणि समजा, खारटपणा जास्त झाला, १५ लिटर पाणी ३५ च्या ऐवजी ३८ ग्रॅमचं झालं, तर? १५ गुणिले ३८ म्हणजे ५७० ग्रॅम मीठ. भागिले ३५, आले साधारण १६.३ लिटर. म्हणजे सुमारे सव्वा लिटर साधं पाणी घाला. बघा, त्रैराशिक परीक्षेपुरतंच नसतं!

आता त्या वाक्याकडे येऊ. "पाणी खाली उतरलं की... खारं पाणी तयार करतो आणि वरून ओततो." हेच ते वाक्य.

आमटी गॅसवर फार वेळ राहिली तर काय होतं? आटते आणि खारट होते. आई मग त्यात काय घालते, मिठाचं पाणी की साधं? टँकचंही तेच. उन्हाळ्यात नाशिकच्या कोरड्या हवेत पाणी वाफ होऊन उडून जातं, मीठ मात्र जागचं हलत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी साध्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यानं करायची. आणि 'पाणी बदलणं' म्हणजे टँकमधलं जुनं पाणी नळीनं बाहेर काढायचं आणि तेवढंच खारं पाणी आत घालायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. उरलेलं अन्न आणि माशांची विष्ठा यांच्यापासून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट साचत जातं. ते काढायचं म्हणून पाणी बदलायचं. यांच्या टँकमधून मात्र महिनाभर काहीच बाहेर गेलं नव्हतं. घाण आत, मीठ आत, वर आणखी मीठ.

किती मीठ? वाळू-दगड सोडून टँकमध्ये १०० लिटर पाणी. लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे ३५०० ग्रॅम क्षार. दर रविवारी पाच लिटर खारं पाणी, म्हणजे १७५ ग्रॅमची भर. चार रविवारचे ७०० ग्रॅम. एकूण ४२०० ग्रॅम, म्हणजे लिटरला ४२! मी फोनवर तिला डबी आणायला सांगितली. ती म्हणाली, "काका, काटा आकड्यांच्या वर जाऊन टेकलाय."

मोठा मासा (ती मादी असते, क्लाऊनफिशच्या जोडीत मोठी ती मादी) भरभर तोंड का हलवत होती ते आता बघा. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधीच घातलं तर पाणी सुटतं. काकडीतलं पाणी बाहेरच्या खारटपणाकडे ओढलं जातं. समुद्रातल्या माशाची अवस्था जन्मभर त्या काकडीसारखी असते. त्याचं रक्त समुद्रापेक्षा खूपच कमी खारट, साधारण एक तृतीयांश. त्यामुळे अंगातलं पाणी सारखं बाहेर जातं. भरपाईसाठी तो समुद्राचंच पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशींकडून बाहेर फेकतो. या कामाला ताकद लागते. पाणी ३५ वरून ४२ वर गेलं की कल्ल्यांना दुप्पट राबल्यासारखं होतं. त्यात जास्त खारट पाण्यात प्राणवायूही थोडा कमी विरघळतो. भूक कसली, तिला धाप लागली होती.

तिचे बाबा लगेच म्हणाले, "मग आत्ताच दोन बादल्या साधं पाणी घालतो." थांबा! चार आठवड्यांत हळूहळू चढलेला खारटपणा एका तासात उतरवला तर तो धक्का माशांना आणि ते जिवाणूही ज्यांच्या जिवावर टँक चालतो, त्या सगळ्यांनाच बसतो. आम्ही ठरवलं ते असं: रोज ३ लिटर खारं पाणी काढायचं, ३ लिटर साधं पाणी हळूहळू सोडायचं. १०० मधले ३ म्हणजे रोज तीन टक्के उतार. ४२ चे होतात ४०.७, मग ३९.५, मग ३८.३... वहीत करून बघा, कितव्या दिवशी ३५ येतात. त्यानंतर मग दर आठवड्याला दहा लिटर, नीट बदलायचे.

पाणी काढताना दोन गोष्टी सांभाळा. हीटर आणि पंपाचं बटण आधी बंद, प्लग काढलेला, आणि तो प्लग मोठ्यांनी काढायचा. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो, आणि खाऱ्या पाण्यातून वीज साध्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहते. दुसरं, नळी तोंडानं ओढू नका. नळी पाण्यानं भरून, दोन्ही टोकं बोटांनी दाबून, एक टोक टँकमध्ये आणि दुसरं खाली बादलीत सोडा. नव्या पाण्याचं तापमान टँकइतकंच हवं, २५-२६ अंश. हे जमवायला बादली रात्रभर टँकच्याच खोलीत ठेवली तरी बरंचसं काम होतं.

आई-बाबांसाठी एक ओळ. हे वाचून कुणी "आम्हालाही हवा" म्हणून हट्ट धरला, तर माझ्या मते पहिली दोन वर्षं गप्पी नाहीतर मॉलीच पाळू द्या. खाऱ्या पाण्याचा टँक म्हणजे घरात तान्हं बाळ आणण्यासारखं आहे. आणि शोभेसाठी समुद्रावरून प्रवाळ उचलून आणू नका, तो कायद्यानं संरक्षित आहे.

नाशिकचं दुसरं पत्र परवा आलं. सहाव्या दिवशी काटा १.०२६ वर आला. चौथ्या दिवशीच मादीनं खाणं घ्यायला सुरुवात केली होती, लहाना मात्र अजून दगडाआडून फारसा बाहेर येत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवून आहेत. मिठाची नवी पिशवी बाबांनी आणली, निम्मे पैसे मामानं पाठवले. आणि बादलीवर आजीनं स्वतः खडूनं लिहिलंय: 'समुद्र. धुण्याला घेऊ नये.'